हर्क्युलिसला नवस फेडायचा तर रोममध्ये काय करायचे

समजा तुम्ही प्राचीन रोममधले व्यापारी आहात आणि यंदा नफा चांगला झालाय, तर त्यातला दहावा हिस्सा हर्क्युलिस या बलाढ्य देवासाठी बाजूला काढा आणि टायबरकाठच्या गुरांच्या बाजारात आरा मॅक्झिमा नावाची वेदी आहे तिथे या. सरकारी पूजा 12 ऑगस्टला, तेव्हा प्रेटर, म्हणजे रोमचा एक मोठा सरकारी अधिकारी, कालवडीचा बळी देतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोकं झाकू नका, एरवी रोमन लोक टोगाचा (अंगाभोवती गुंडाळायच्या वस्त्राचा) पदर डोक्यावर घेतात पण इथे ग्रीक रीत, उघडं डोकं आणि लॉरेलच्या पानांचा मुकुट. प्रार्थनेत दुसऱ्या देवाचं नाव नको. बायकांना मात्र प्रवेशच नाही, हे मला खरंच खटकतं. मग लोकांना पोटभर जेवू घाला, एरवीच्या रोमन मेजवानीसारखं आडवं रेलून नाही, बसून जेवायचं.