पद्मिनीत जिप्सीचं एमपीएफआय इंजिन: पेट्रोलच्या नळ्या जोडताना या चुका टाळा

इंजिन बसलं, गिअरबॉक्सचं माउंटिंग जमलं, वायरिंगचा गुंता सुटला, की वाटतं आता पेट्रोलच्या दोन नळ्या तर जोडायच्यात. तिथेच घोडं पेंड खातं. माझ्या प्रीमिअर पद्मिनीत मारुती जिप्सीचं १३०० सीसीचं इंजिन बसायला दोन आठवडे लागले आणि नळ्या मार्गी लागायला तीन महिने. (आरटीओची परवानगी तुम्ही इंजिन उतरवायच्या आधीच काढली आहे, असं धरून चालतो.)

मुळात पद्मिनीचा कार्बोरेटर आणि जिप्सीचं एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं इंजेक्शन), या दोन्ही पद्धतींचा स्वभाव वेगळा. पद्मिनीचा जुना डायफ्रामचा पंप पाव बारच्या आसपास दाब देतो. कार्बोरेटरची वाटी भरली की सुई बसते आणि पुरवठा थांबतो. इंजेक्शनमध्ये थांबणं नाही. पंप ताशी शंभरेक लिटर पेट्रोल साधारण ३ बार दाबाने रेलकडे (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) ढकलत राहतो. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) इंजिन पितं ताशी जेमतेम एक लिटर, आणि ८० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण पिळून काढलं तरी ताशी पंचवीसेक लिटर. उरलेलं सगळं, रेलचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरमधून, परत टाकीत जातं. म्हणजे रिटर्नची नळी ही नंतर बघू म्हणून सोडायची गोष्ट नाही.

मी नेमकी तीच सोडली. टाकीला हवेची एक बारीक नळी होती, तिलाच रिटर्न जोडून मोकळा झालो. गाडी सुरू झाली, पण काळा धूर, प्लग काजळीने माखलेले, पेट्रोलचा वास. ईसीयूवर (इंजिनाच्या कॉम्प्युटरवर) संशय घेतला, ऑक्सिजन सेन्सर बदलला, पैसे गेले. शेवटी रेलवर प्रेशर गेज लावला तर आयडलला साडेचार बार! इंजिनाच्या इनटेकमधून रेग्युलेटरला येणारी व्हॅक्यूमची नळी जोडलेली असताना तिथे अडीचच्या आसपास काटा हवा. गाडी उघड्यावर घेतली, फायर एक्स्टिंग्विशर शेजारी ठेवला आणि रिटर्नची नळी काढून थेट कॅनमध्ये सोडली. काटा लगेच अडीचवर आला. रेग्युलेटर ठणठणीत होता, पेट्रोलला परत जायला वाटच नव्हती. रिटर्न किमान ८ मिलिमीटरची ठेवा आणि हवेची नळी हवेसाठीच राहू द्या.

दुसरा घोळ टाकीचा. कार्बोरेटरच्या वाटीत थोडा साठा असतो, म्हणून वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. इंजेक्शनच्या पंपाने हवेचा एक घोट घेतला की गाडी लगेच धक्का मारते. खंबाटकी घाटात, टाकी पावच्या खाली असताना, माझी प्रत्येक डाव्या वळणाला मिसिंग करायची. उपाय म्हणजे एक-दीड लिटरचा सर्ज टँक. कमी दाबाचा पंप टाकीतून तो भरतो, मोठा पंप त्याच्या तळातून ओढतो, आणि रेलचा रिटर्न पुन्हा त्यातच येतो. जादा झालेलं त्याच्या माथ्यावरून टाकीत. बरेच जण रेलचा रिटर्न सरळ मोठ्या टाकीला देतात. मग छोट्या पंपावर सगळ्या प्रवाहाचा बोजा पडतो आणि सर्ज टँक रिकामा होतो.

बाहेरचा इलेक्ट्रिक पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात ढ. तो टाकीजवळ, तिच्या तळाच्या पातळीला किंवा खाली हवा. इंजिनाशेजारी बसवलात तर दुपारच्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोलची वाफ होऊन तो कोकलायला लागेल. पंपाच्या आधी जाड जाळीचा, साधारण १०० मायक्रॉनचा फिल्टर, आणि नंतर १० मायक्रॉनचा. उलटे लावले की पंपाचा गळा आवळला जातो. आणि जुनी टाकी गंजलेली असेल तर आधी ती साफ करा, नाहीतर फिल्टर बदलत बसाल.

होजवरचं छापील वाचल्याशिवाय विकत घेऊ नका. दुकानात 'पेट्रोलची नळी' मागितली की बहुतेक कार्बोरेटरची, म्हणजे आर७ दर्जाची मिळते. इंजेक्शनला एसएई ३०आर९ लागते. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यात जुनं रबर फुगतं आणि तडकतं. टाकीत बुडणारा तुकडा आर१०चाच हवा. आर९ बाहेरून पेट्रोलमध्ये भिजण्यासाठी बनवलेलीच नाही. खाचांच्या साध्या क्लिपा होज कापतात, म्हणून गोल कडांच्या, बोल्टने आवळायच्या क्लिपा घ्या. नळीच्या टोकाला फुगवटा नसेल तर ३ बारला होज निसटते, क्लिप कितीही आवळा. तांब्याची नळी वाकवायला सोपी, पण थरथरीने कडक होऊन तडकते, स्टीलची घ्या. सायलेन्सरपासून लांब, रबर लावलेल्या क्लिपांनी अर्ध्या-अर्ध्या मीटरवर बांधा.

फ्लेअरच्या (नळीचं तोंड फाकवून केलेल्या) जोडांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे धातूवर धातू बसून जोड बंद होतो, आटे नाही. टेपचा कण सुटला तर इंजेक्टरमध्ये अडकतो. ३७ अंशांचा फ्लेअर आणि ४५चा नट हा आणखी एक छुपा चोर: आवळताना घट्ट लागतो, पण थेंब-थेंब गळतो.

पंपाला रिले आणि फ्यूज द्याच, आणि रिले ईसीयूने चालवा. इंजिन बंद पडलं की पंपही बंद पडला पाहिजे. पंपाशी व्होल्ट मोजा. साडेदहा दिसले तर वायर बारीक आहे.

सगळं जोडल्यावर सेल्फ मारायच्या आधी चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करा. पंप दरवेळी दोन-तीन सेकंद चालून थांबेल, तेवढ्यात टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा, कोरड्या कागदाने पुसून बघा.

गरम गाडी उशिरा सुरू होते, पण चावी दोनदा ऑन केल्यावर लगेच घेते? मग बंद केल्यावर रेलमधला दाब उतरतोय. दाब भरल्याबरोबर रिटर्नची रबरी नळी चिमटून धरा. काटा टिकला तर दोष रेग्युलेटरचा. नाही टिकला तर पुन्हा दाब भरून पंपाकडची नळी चिमटा. आता टिकला तर दोष पंपाच्या चेक व्हॉल्व्हचा, म्हणजे पेट्रोल मागे येऊ न देणाऱ्या झडपेचा. दोन्ही चिमटूनही उतरत असेल तर एखादा इंजेक्टर ठिबकतोय. आणि रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीत पेट्रोल ओलं लागलं, तर बाकी काही तपासू नका, त्याचा पडदा फाटलाय.