पिकअपचा ब्रेक दगडासारखा कडक झालाय? आधी व्हॅक्यूम पाईप बघा

बोलेरो पिकअप किंवा 407 सारख्या डिझेल गाडीचा ब्रेक अचानक कडक लागायला लागला की बरेच जण सरळ बूस्टर (व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवेच्या ओढीच्या मदतीने पेडलचा जोर वाढवणारा गोल डबा) बदलायला निघतात. थांबा जरा. आधी व्हॅक्यूम पंपापासून बूस्टरपर्यंत जाणारा जाड काळा रबरी पाईप बघा, बऱ्याच वेळा तोच फाटलेला असतो आणि बूस्टरच्या मानाने तो खूप स्वस्तात बदलून होतो. (मोठ्या ट्रकला एअर ब्रेक असतो, त्याचं हे नाही.)

डिझेल इंजिन पेट्रोलसारखं मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) व्हॅक्यूम तयार करत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप दिलेला असतो, पुष्कळ गाड्यांना तो अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, मग बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळाच ब्रेक नीट लागतो. कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करणं किती धोक्याचं आहे ते यावरून कळेल, त्यात पाईप फाटलेला असेल तर उरलेला व्हॅक्यूमसुद्धा मिळत नाही.

तपासायचं कसं, तर गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक झालं की पाय तसाच ठेवून स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टरला व्हॅक्यूम पोचत नाहीये. मग इंजिन मिनिट-दोन मिनिटं चालवून बंद करा आणि थोडं थांबून पेडल दाबा, पहिल्यांदा खोल जाऊन पुढे दर वेळी वर यायला लागलं तर ठीक, पहिलाच दाब कडक लागला तर कुठेतरी हवा शिरतीये.

आता बॉनेट उघडा, इंजिन आयडलवर ठेवा आणि कान द्या, पण बाही, मफलर, हात काहीही बेल्ट-फॅनच्या जवळ नेऊ नका. सूऽऽ असा आवाज येत असेल तर त्या जागी साबणाचं पाणी थोडं लावा, फुगे येतील असं समजू नका, इथे हवा बाहेर येत नाही, आत ओढली जाते, म्हणून पाणी आत जाईल आणि आवाज बदलेल. डिझेल किंवा कार्ब क्लीनरचा (कार्ब्युरेटर साफ करायचा) स्प्रे गरम इंजिनवर अजिबात मारू नका, आग लागते.

पाईप जास्त करून क्लिपजवळ, वळणावर, बॅटरीच्या ट्रेला घासतो तिथे नाहीतर टर्बोच्या गरमीत फाटतो. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर पाईप हाताने वाकवून बघा, सरळ असताना न दिसणारी चीर वाकवल्यावर उघडते. एक प्रकार मात्र बाहेरून कळतच नाही: आतला थर सुटून पाईप आतल्या आत चिकटतो. त्यासाठी इंजिन बंद असताना बूस्टरकडचं टोक काढून ठेवा, मग इंजिन चालू करून त्यावर अंगठा ठेवा, जोरात ओढ लागली पाहिजे. तिथे नाही आणि पंपाच्या तोंडाशी आहे, तर दोष मधल्या पाईपचा किंवा नॉन रिटर्न व्हॉल्व्हचा (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा). पंपाशीच ओढ नसेल तर पंप बघा. व्हॅक्यूम गेज असेल तर उत्तम, फक्त पुणं साधारण 560 मीटर उंचीवर असल्यामुळे इथे मुंबईपेक्षा आकडा दोनेक इंच (पाऱ्याचे) कमी येतो, तेवढ्यावरून पंप खराब समजू नका.

नवीन पाईप आणायला नाना पेठेत किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात जाताना जुना तुकडा सोबत न्या आणि आतला व्यास व्हर्नियरने मोजून घ्या. ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पाईपच मागा. पाण्याचा पारदर्शक पाईप, डिझेल लाईनचा उरलेला तुकडा हे चालत नाही, गरम झाल्यावर आत दबतं आणि रस्ता बंद होतो. सेलो टेप गुंडाळून चालवणं तर नकोच, लोड घेऊन तर मुळीच नको.

जुना पाईप ओढून काढू नका, तो जिच्यावर बसतो ती प्लास्टिकची नळी तुटते. ब्लेडने उभा चिरून सोडवा. पंपाला ऑइलचे पाईपही असतात, त्यांना हात लावू नका, आणि जुन्या पाईपमध्ये ऑइल भरलेलं निघालं तर पंपाचं सील दाखवून घ्या नाहीतर नवा पाईपही फुगून मऊ पडेल. व्हॉल्व्हला बूस्टरच्या बाजूने फुंकल्यावर हवा पंपाकडे गेली पाहिजे, उलटी नाही. बाण असेल तर तो पंपाकडे. उलटा बसवलात तर बूस्टरमध्ये व्हॅक्यूम तयारच होणार नाही. पाईपला ताण नको आणि जुन्याच वाटेने न्या, टर्बो आणि बेल्टपासून लांब. आत घालताना ऑइल-ग्रीस नको, साबणाच्या पाण्याचा थेंब पुरतो. क्लिप घट्ट करा पण रबर कापेल इतकी नाही.

टर्बोच्या ॲक्च्युएटरकडे (टर्बो कमी-जास्त करणारा व्हॅक्यूमवर चालणारा भाग) जाणाऱ्या बारीक पाईपलाही हेच लागू, तो फाटला की चढाला गाडी ओढत नाही. असे बारीक पाईप एकावेळी एकच काढा आणि आधी मोबाईलवर फोटो घ्या.

झाल्यावर पेडलच्या दोन्ही चाचण्या परत करा, मग रिकामी गाडी मोकळ्या जागेत हळू चालवून ब्रेक मारून बघा, आणि चार-पाच दिवसांनी रबर बसल्यावर क्लिप पुन्हा एकदा आवळून घ्या.