गाडीखाली लाल डाग दिसला तर

मिशिगनमध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींचे असे फोन मला बहुतेक हिवाळा सरताना येतात. "काका, गाडीखाली बर्फावर लाल काहीतरी सांडलंय." नोव्हाय असो, ट्रॉय असो, गोष्ट तीच. पहिली गाडी दहा-बारा वर्षं जुनी, हाताशी पैसे मोजके, आणि गाडीवाचून इथे दूध आणायलाही जाता येत नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी एका गॅरेजवाल्याने "ट्रान्समिशन गेलं, दुसरं बसवावं लागेल" असं सांगितलं होतं. ट्रान्समिशन म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा गिअरबॉक्स. गाडी जेवढ्याला घेतली त्याहून मोठा आकडा होता. त्या रात्री आम्हा दोघांनाही झोप लागली नाही. शेवटी फुटलेली निघाली ती वीतभर रबरी नळी.

तेव्हा आधी गळतंय काय ते ओळखा. संध्याकाळी इंजिनाखाली मोठा कोरा पुठ्ठा सरकवा, पुढच्या चाकांच्या जागी खुणा करा, सकाळी बघा. ट्रान्समिशनचं तेल बहुधा लाल असतं, जुनं झालं की तपकिरी होतं. बोटांत चोळलं तर तेलकट, निसरडं लागतं. टोयोटाचा कूलंटही (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गुलाबी असतो, पण तो पाण्यासारखा पातळ आणि वासाला गोडसर. काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचं तेलही लालच असतं, म्हणून त्याची टाकीही उघडून बघा. उन्हाळ्यात एसी लावल्यावर पडणारं स्वच्छ पाणी सोडून द्या.

तेल ट्रान्समिशनचंच असेल, तर गाडी तशीच चालवत राहू नका. आतले क्लच याच तेलाच्या दाबावर चालतात आणि थंडही त्यानेच होतात. तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो, क्लच घसरतात, घसरले की तापतात आणि जळतात. गिअर डी-मध्ये टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून झटक्याने निघाली, किंवा इंजिनाचा आवाज चढतोय पण वेग वाढत नाही, असं झालं तर तिथेच थांबा. टो ट्रक बोलावताना गाडी पूर्ण वर चढवणारा, म्हणजे फ्लॅटबेड, मागा.

पातळी बघायची पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी. बऱ्याच गाड्यांत इंजिन गरम आणि चालू असताना बघतात. डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) असलेल्या होंडात मात्र इंजिन बंद करून लगेच. बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. तेल कुठलं हेही मॅन्युअल सांगेल तेच. सीव्हीटीत (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक ट्रान्समिशनमध्ये) साधं ऑटोमॅटिकचं तेल कधीही घालू नका.

आता गळतीची जागा. इथल्या गाड्यांचा खरा वैरी म्हणजे रस्त्यावरचं मीठ. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, आणि इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडतं. ट्रान्समिशनपासून तेल थंड व्हायला रेडिएटरकडे नेणाऱ्या लोखंडी नळ्या त्याने गंजतात. म्हणून मी आधी तिकडेच बघतो. ब्रेक क्लीनर आणि चिंध्यांनी सगळा भाग पुसून कोरडा करा, दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आणा आणि टॉर्च मारा. वाऱ्याने तेल मागे उडतं, त्यामुळे सगळ्यात पुढची आणि सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. नळीला हात लावलात तर पापुद्रे सुटतील, आणि त्यांच्याखाली बारीकसा लाल ओलावा दिसेल.

नळीचं रबरी टोक कडक होऊन चिरलं असेल तर काम घरचं आहे. त्याच मापाची, ट्रान्समिशन कूलरसाठीच बनवलेली नळी आणा. पेट्रोलची किंवा हीटरची चालणार नाही. नळी आवळणारे दोन्ही क्लॅम्पही नवेच घ्या. लोखंड खड्डे पडण्याइतकं गंजलं असेल तर ती नळीच बदला. रेडिएटरवरचा नट सोडवताना दुसऱ्या पान्याने मागची फिटिंग घट्ट धरा, नाहीतर रेडिएटरच तडकेल.

ट्रान्समिशनच्या खालच्या पॅनच्या (तेल साठवणाऱ्या पत्र्याच्या तळाच्या) गॅस्केटमधून, म्हणजे सांध्यातल्या पट्टीतून, गळत असेल तर बोल्ट आवळून प्रश्न सुटेल असं वाटतं. जोर लावलात तर पत्रा वाकतो आणि गळती वाढते. हे बोल्ट बहुधा इंच-पाउंडात (आवळायचा जोर मोजायचं लहान एकक) आवळायचे असतात. आकडा फूट-पाउंड समजून वाचलात तर बारापट जोर लागेल. बऱ्याच होंडांत असा पॅन नसतो, तेल काढायचा बोल्ट असतो. तिथे दर वेळी नवा वॉशर घाला. गळती कधीकधी तेवढ्यानेच थांबते.

इंजिन आणि ट्रान्समिशनच्या सांध्यातून तेल येत असेल तर घरी हात घालू नका, ट्रान्समिशन उतरवावं लागतं. दोन गॅरेजांतून भाव घ्या. कूलंट स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा दिसला तर रेडिएटर आतून फुटलाय, गाडी सुरूसुद्धा करू नका. गळती थांबवणाऱ्या, तेलात ओतायच्या द्रवाच्या बाटल्या मिळतात, पण गंजलेल्या नळीवर त्यांचा काही उपयोग नाही.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एक मिनिटही शिरू नका. गाडी टेकवायला दोन जॅक स्टँड लावा, खाली प्लायवूड ठेवा, मागच्या चाकांना अडण लावा, आणि घरातलं कोणीतरी जवळ उभं राहू द्या. बर्फावर हे काम करायचंच नाही. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर आधी लीज वाचा, पार्किंगमध्ये दुरुस्तीला बहुतेक ठिकाणी मनाई असते. ज्यांच्याकडे गॅरेज आहे अशा ओळखीच्यांना निःसंकोच विचारा. मीही अशीच दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये शिकलो.

ऑटोझोन, ओ'रायलीसारख्या दुकानांत अनामत ठेवून अवजारं उसनी मिळतात, आणि काढलेलं जुनं तेलही बहुतेक शाखा फुकट घेतात. ते गटारात ओतू नका. काम झालं की नवा पुठ्ठा सरकवा, आठवडाभर रोज सकाळी बघा आणि रविवारी पुन्हा एकदा पातळी तपासा.