१२,३४,५६,७८९ चे अवयव पाडताय? या चुका टाळा

गुहागरला आमच्या पडवीत आठवी-नववीची पाच-सहा मुलं शिकवणीला येतात. पावसात लाइट गेली की फळा दिसत नाही. मग मी ही संख्या तोंडी देतो. लक्षात ठेवायला सोपी, सोडवायला मात्र खट.

अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो. इथवर सगळे बरोबर. पुढे हमखास कुणीतरी म्हणतो, "४५ ला २७ ने भाग जात नाही, म्हणजे संख्येलाही जाणार नाही." उत्तर बरोबर, कारण चूक! खुद्द २७ ची बेरीज ९ येते, मग काय करणार? १० ला ९ ने भागलं की बाकी १ उरते म्हणून बेरजेची कसोटी ९ ला चालते, २७ ला नाही. ९९९ ला मात्र २७ ने भाग जातो, म्हणून तीन-तीन अंकांचे गट पाडून बेरीज करा: १२३ + ४५६ + ७८९ = १३६८. २७ ने भागून बाकी १८.

४५ वरून आणखी एक घोटाळा होतो. आपल्याच कोकणपट्टीत, डहाणूला १९०५ साली जन्मलेल्या गणिती द. रा. कापरेकरांनी, जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला 'हर्षद संख्या' म्हटलं. मुलं हिलाही हर्षद समजतात, पण ही हर्षद नव्हे. शेवटी ९ आहे, ५ ने भाग जाईलच कसा?

खरी फसगत पुढे. ९ काढले की उरतात १,३७,१७,४२१. मी स्वतः एकदा हजारापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं आणि 'मूळ संख्या' असं ठोकून दिलं. वर्गमूळ ३७०३ च्या पुढे आहे, तिथवर जायलाच हवं होतं. आणि पहिला अवयव दडलाय ३६०७ वर, अगदी काठाशी!

अशा वेळी वर्गमुळापासूनच सुरुवात करा. ही फ्रेंच गणिती फर्माची युक्ती: संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून मांडायची, कारण अ² − ब² = (अ − ब)(अ + ब). ३७०४ च्या वर्गातून संख्या वजा केली की २१९५, पूर्ण वर्ग नाही. ३७०५ च्या वर्गातून वजा केली की ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग. झालं: ३७०५ − ९८ = ३६०७, ३७०५ + ९८ = ३८०३. दोन्ही मूळ. अवयव एकमेकांपासून लांब असतील तर मात्र ही युक्ती घाम काढते.

मूळ संख्येचे विभाजक मोजताना ९ हा ३ चा वर्ग आहे हे विसरू नका. विभाजकात ३ शून्य, एक किंवा दोन वेळा येऊ शकतो, ३६०७ आणि ३८०३ शून्य किंवा एकदा: ३ × २ × २ = १२.

उलट्या ९८,७६,५४,३२१ शी मसावि काढायला कॅल्क्युलेटर घेऊ नका. आठ अंकी असेल तर संख्याच मावत नाही, मोठ्यावर ८.०००००००७ असं काहीतरी दिसतं आणि मुलं सरळ ८ धरतात. हाताने ८ पट वजा करा, बाकी ९ उरते. आणि ९ ने तर दोन्हींना भाग जातो, म्हणजे मसावि ९.