चेकबॉक्स आणि रेडिओ बटणं स्क्रिप्टच्या हाती देण्याआधी

गेल्या खेपेला माझ्याकडून जे राहिलं ते आधी सांगतो. एका संस्थेच्या सभासद नोंदणीचा फॉर्म होता. नोंद दुरुस्त करायच्या पानावर जुनी माहिती स्क्रिप्टने, म्हणजे पानात चालणाऱ्या जावास्क्रिप्ट कोडने, भरली जायची. ‘व्यवसाय’ या प्रश्नाला चार रेडिओ बटणं होती, शेवटचं ‘इतर’. ‘इतर’ निवडलं की खालची मजकुराची चौकट उघडायची, एरवी ती डिसेबल्ड, म्हणजे बंद. हाताने क्लिक करून मी हे कितीतरी वेळा तपासलं होतं आणि दरवेळी चौकट उघडत होती. पण दुरुस्तीचं पान उघडताना ‘इतर’समोरचा ठिपका स्क्रिप्ट लावत होती, आणि चौकट तशीच बंद राहत होती. जुना मजकूर तिच्यात राखाडी रंगात दिसत होता, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. डिसेबल्ड चौकट सर्व्हरकडे जातच नाही. लोक फोन नंबर बदलायला यायचे, सेव्ह दाबायचे आणि त्यांनी पूर्वी लिहिलेला व्यवसाय पुसला जायचा. दोन आठवडे हे चाललं. बॅकअपमधून एकेक नोंद काढून परत भरताना ही यादी तयार झाली.

कारण एवढंच: स्क्रिप्टने चेक्ड (खूण आहे की नाही हे सांगणारं मूल्य) बदललं की चेंज इव्हेंट, म्हणजे ‘उत्तर बदललं’ अशी ब्राउझरची सूचना, येत नाही. माणसाने क्लिक केलं की येतो, स्क्रिप्टने खूण लावली की येत नाही. हे वाक्य मी खाली परत परत लिहिणार आहे. दरवेळी वाचा.

आता सुरुवातीपासून. एकच उत्तर हवं तर रेडिओ, अनेक चालतील तर चेकबॉक्स. यावर जास्त बोलायला नको. प्रत्येकाला लेबल, लेबलचा फॉर आणि बटणाचा आयडी जुळलेला. गटातल्या सगळ्या रेडिओंचं नेम (उत्तर ज्या नावाने सर्व्हरकडे जातं ते) एकच. एका जरी बटणाच्या नेममध्ये अक्षर चुकलं तर ते गटाबाहेर पडतं आणि दोन ठिपके एकाच वेळी दिसतात. गट ठरतो तो नेम आणि फॉर्म या दोघांवर, त्यामुळे एका पानावर दोन फॉर्म असतील तर तेच नेम दोन्हीकडे चालतं. व्हॅल्यू, म्हणजे पाठवायचं उत्तर, मात्र प्रत्येकाला हाताने लिहा. ती नसेल तर सर्व्हरकडे ‘ऑन’ एवढाच शब्द जातो, आणि चार रेडिओंपैकी कोणताही निवडला तरी ‘ऑन’च. ही चूक स्क्रीनवर दिसत नाही, थेट डेटाबेसमध्ये दिसते.

सर्व्हरची बाजू कोड लिहायच्या आधी ठरवा, नंतर नाही. खूण नसलेला चेकबॉक्स सबमिटमध्ये जात नाही. ‘नाही’ असं उत्तर जात नाही, त्याचं नावच जात नाही. म्हणजे सर्व्हरला तीन वेगळ्या गोष्टी एकसारख्याच दिसतात: माणसाने खूण काढली, चेकबॉक्स डिसेबल्ड होता, किंवा तो प्रश्न त्या पानावर नव्हताच. या तिन्हींचा अर्थ ‘पुसून टाका’ असा घेणारा सर्व्हर हे माझ्या नुकसानीचं दुसरं कारण होतं. एक जुना आणि चांगला उपाय आहे: चेकबॉक्सच्या आधी त्याच नेमचं हिडन, म्हणजे पानावर न दिसणारं, इनपुट ठेवायचं, व्हॅल्यू शून्य. खूण असेल तर दोन्ही जातात आणि शेवटचं धरणारा सर्व्हर चेकबॉक्सचं मूल्य घेतो. खूण नसेल तर शून्य तरी पोचतं. तुमचा सर्व्हर एकाच नावाच्या दोन मूल्यांचं काय करतो हे मात्र आधी पाहा. काही शेवटचं घेतात, काही पहिलं, काही दोन्हींची यादी करतात. एकाच नेमचे अनेक चेकबॉक्स असतील तर ही युक्ती वापरू नका. तिथे स्क्रिप्टमधून फॉर्मडेटा (भरलेल्या फॉर्मची उत्तरं) वाचताना ‘गेट’ नको, ‘गेटऑल’ वापरा, नाहीतर पहिली खूण मिळते आणि बाकीच्या हरवतात.

एचटीएमएलमधला चेक्ड आणि स्क्रिप्टमधला चेक्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा नीट समजून घ्या. टॅगमध्ये लिहिलेला चेक्ड हा ॲट्रिब्यूट आहे. तो सुरुवातीची अवस्था सांगतो, आणि स्क्रिप्टमध्ये त्याचं नाव ‘डिफॉल्टचेक्ड’ आहे. या क्षणी खूण आहे की नाही हे सांगते ती चेक्ड प्रॉपर्टी. माणसाने एकदा हात लावला किंवा स्क्रिप्टने प्रॉपर्टी एकदा बदलली की ॲट्रिब्यूट लिहून काही हलत नाही. म्हणून ॲट्रिब्यूट लिहिणारं ‘सेटॲट्रिब्यूट’ पहिल्यांदा चालतं, दुसऱ्यांदा चालत नाही, आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीत याच घोळासाठी 2011 साली 1.6 आवृत्तीत प्रॉपर्टी बदलणारं ‘प्रॉप’ आणलं. अजून ॲट्रिब्यूट लिहिणाऱ्या ‘ॲटर’ने खूण लावणारा कोड दिसला तर तो बदला. आणि प्रॉपर्टीला ट्रू किंवा फॉल्स द्या, अवतरणातला ‘फॉल्स’ नको. तो मजकूर आहे, रिकामा नाही, म्हणून खूण लागते.

तर प्रॉपर्टी बदलायची. आणि ती बदलल्यावर चेंज इव्हेंट येत नाही. ॲट्रिब्यूट बदलला तरी येत नाही, जेक्वेरीच्या प्रॉपने बदलली तरी येत नाही.

ऐकायचं कुठे? चेंजवर ऐका, क्लिकवर नको. क्लिकच्या हँडलरमध्ये (इव्हेंट आला की चालणाऱ्या कोडमध्ये) शिराल तेव्हा ब्राउझरने खूण आधीच पालटलेली असते, आणि ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ करून त्याचं नेहमीचं काम अडवलंत तर हँडलर संपल्यावर तो ती पूर्ववत करतो. मधल्या वेळात तुम्ही स्वतः चेक्डला जे काही लिहिलं असेल तेही त्यात वाहून जातं. शिवाय लेबलवर क्लिक झालं की ब्राउझर बटणावर आणखी एक क्लिक पाठवतो, त्यामुळे बाहेरून वेढणाऱ्या डिव्ह टॅगवर क्लिक ऐकणारा हँडलर दोनदा धावतो. चेंजला हा त्रास नाही.

रेडिओत एक खास खड्डा आहे. ‘इतर’ निवडल्यावर ‘इतर’ला चेंज येतो, पण नंतर कुणी ‘शिक्षक’ निवडला की चेंज फक्त ‘शिक्षक’ला येतो. ‘इतर’चा ठिपका गेला हे ‘इतर’ला कुणी कळवत नाही. त्यामुळे फक्त ‘इतर’वर लिसनर, म्हणजे इव्हेंट ऐकणारा कोड, लावलात तर चौकट उघडेल आणि परत कधीच बंद होणार नाही. लिसनर गटाला वेढणाऱ्या फील्डसेट टॅगवर एकच लावा. चेंज बटणापासून बाहेरच्या टॅगांकडे वर चढत जातो, तिथे पकडता येतो.

कोणतं निवडलंय हे वाचायला फॉर्मच्या ‘एलिमेंट्स’मधून नेम देऊन गट घ्या आणि त्याची व्हॅल्यू वाचा, काहीच निवडलेलं नसेल तर रिकामी मिळते. पण गटात एकच बटण उरलं असेल (यादी डेटाबेसमधून येत असेल तर असं एखाद दिवशी होणारच) तर गट मिळत नाही, ते बटणच हाती येतं. मग त्याची व्हॅल्यू ठिपका असो वा नसो, भरलेलीच दिसते. म्हणून मी आता ‘क्वेरीसिलेक्टर’ला नेम आणि ‘:चेक्ड’ देऊन शोधतो, आणि काही न सापडल्यास नल, म्हणजे ‘काही नाही’, येतं हे धरून चालतो. चेकबॉक्सच्या गटाला व्हॅल्यू विचारूच नका, ती सोय फक्त रेडिओंसाठी आहे.

आता मुख्य तयारी. इथे घाई करू नका. चेंजच्या हँडलरमध्ये ‘चौकट उघडा’ असा कोड लिहायचाच नाही. एक वेगळं फंक्शन करा, मी त्याला ‘जुळवा’ म्हणतो. ते काय घडलं हे विचारत नाही, आत्ता काय आहे एवढंच पाहतं: ‘इतर’ला ठिपका आहे का? असेल तर चौकटीचा डिसेबल्ड फॉल्स, नसेल तर ट्रू. बस. हे फंक्शन लागोपाठ दहादा चालवलं तरी निकाल तोच यायला हवा. एकदा असं लिहिलं की मग प्रश्न फक्त ते कुठून कुठून बोलवायचं एवढाच उरतो, आणि त्या सगळ्या जागा आत्ताच कागदावर लिहा.

चेंज आला की बोलवा, हे सगळे करतात. स्क्रिप्टने चेक्ड बदललं की पुढच्याच ओळीत बोलवा, कारण चेंज येत नाही. सर्व्हरकडून जुनी नोंद आणून फॉर्म भरून झाला की बोलवा, कारण चेंज येत नाही. पान उघडताना एकदा बोलवा, आणि त्यासाठी पान दाखवलं जाताना येणारा ‘पेजशो’ इव्हेंट धरा. फायरफॉक्स पान रिफ्रेश केलं तरी आधीच्या खुणा जपून ठेवतो, आणि बॅक दाबून परत आल्यावर इतर ब्राउझरही खुणा परत लावतात. त्या वेळी चेंज येईलच असं धरू नका. रिसेट दाबल्यावर बोलवा, इथेही बटणांना चेंज येत नाही. पण रिसेटचा इव्हेंट खुणा बदलण्याच्या आधी येतो. लगेच ‘जुळवा’ चालवलंत तर ते जुनीच अवस्था पाहील, म्हणून शून्य विलंबाचा ‘सेटटाइमआउट’ लावून, म्हणजे चालू काम संपल्यावर, चालवा. प्रॉमिसवर (काम थोडं पुढे ढकलायची दुसरी सोय) टाकू नका: माणसाने रिसेटचं बटण दाबलं असेल तर प्रॉमिसचं काम खुणा बदलायच्या आधीच उरकतं.

कुणी म्हणेल, स्क्रिप्टनेच चेंज पाठवावा. पाठवता येतो. नवा इव्हेंट करून ‘डिस्पॅचइव्हेंट’ करा, पण तो वर चढावा म्हणून ‘बबल्स’ ट्रू द्यायला विसरलात तर फील्डसेटवरच्या लिसनरला तो ऐकू येत नाही आणि आपण परत होतो तिथेच. ‘क्लिक’ हे फंक्शन वापरलं तर चेंज येतो हे खरं, पण ते खूण लावत नाही, पालटतं. आधीच लागलेली असेल तर काढून टाकतं. आधीच निवडलेल्या रेडिओवर क्लिक केलं तर चेंज नाही, डिसेबल्ड बटणावर तर काहीच नाही. दुसऱ्याने लिहिलेला कोड चेंजवर अवलंबून असेल आणि तुम्हाला तो उघडता येत नसेल तरच इव्हेंट पाठवा. स्वतःच्या कोडमध्ये सरळ फंक्शन बोलवा. रिॲक्टसारखी पान स्वतःच रंगवणारी लायब्ररी असेल तर बटणाला हातच लावू नका, स्टेट (तिने जपलेली माहिती) बदला.

‘सर्व निवडा’ असेल तर हीच चूक तिथे दबा धरून बसलेली असते. वरची खूण लावली की लूप खालच्या वीस चेकबॉक्सना चेक्ड करतो, आणि ‘निवडलेले: 0’ हा आकडा तसाच राहतो. त्या वीसांपैकी एकालाही चेंज आलेला नसतो. लूप संपल्यावर ‘जुळवा’, एकदाच. लूपच्या आत चेंज पाठवत बसलात तर खालचे वरच्याला आणि वरचा खालच्यांना हाका मारत राहतात. सगळ्या नाही पण काही खुणा असतील तेव्हा वरच्या चौकोनात आडवी रेघ दाखवायची तर ‘इनडिटरमिनेट’. ती फक्त स्क्रिप्टने लागते, एचटीएमएलमध्ये तिचा ॲट्रिब्यूट नाही, आणि ती नुसती दिसते. सर्व्हरकडे काय जाणार हे अजूनही चेक्डच ठरवतं. लूपमधून डिसेबल्ड चेकबॉक्स वगळा. कुणीतरी मुद्दाम बंद ठेवलेला असतो.

बदलू द्यायचं नाही पण पाठवायचं आहे, अशा वेळी लोक ‘रीडओन्ली’ लिहितात. ते चेकबॉक्सला आणि रेडिओला लागू नाही. डिसेबल्ड करा आणि मूल्य हिडनमधून पाठवा.

‘रिक्वायर्ड’, म्हणजे उत्तर सक्तीचं: रेडिओत एकावर लिहिलं तरी पूर्ण गटाला लागतं. चेकबॉक्समध्ये ज्याच्यावर लिहिलं त्याच्यापुरतंच, त्यामुळे ‘किमान एक निवडा’साठी फॉर्म अडवणारा मजकूर लावणारं ‘सेटकस्टमव्हॅलिडिटी’ लागतं, आणि अट पुरी झाली की त्यात रिकामा मजकूर परत घालावाच लागतो, नाहीतर फॉर्म कायमचा अडतो. तो मजकूर घालणं-काढणंही ‘जुळवा’मध्येच ठेवा. स्क्रिप्टने खूण लावल्यावर चेंज येत नाही हे इथेही तितकंच खरं आहे. संमतीच्या चेकबॉक्सला आधीच खूण लावून ठेवू नका. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2019 मध्ये अशी खूण संमती मानता येत नाही असा निर्णय दिला. निर्णय नसता तरी ती माणसाचीच खूण असायला हवी.

सजावटीसाठी मूळ बटण ‘डिस्प्ले नन’ करून लपवू नका, कीबोर्डवाल्यांना ते सापडत नाही. बाण दाबत गेलं की रेडिओत प्रत्येक थांब्यावर चेंज येतो, म्हणून चेंजवर फॉर्म सबमिट करू नका. नवी ओळ क्लोन करून, म्हणजे जुन्या ओळीची नक्कल करून, केली तर नेम आणि आयडी पानात घालण्याआधी बदला, नंतर बदललंत तर मूळ ओळीतला ठिपका गेलेला असतो.

तपासणी: माऊस, कीबोर्ड, रिफ्रेश, बॅक, रिसेट. आणि जी मी केली नव्हती ती: ‘इतर’ असलेली जुनी नोंद दुरुस्तीला उघडा, कशालाही हात न लावता सेव्ह करा, आणि डेटाबेसमधली ओळ आधीच्या ओळीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा.