सेकंडहँड गाडी घेताय? आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा

गाडी बघायला गेल्यावर आपण काय करतो, बॉनेट उघडतो, काय कळत नसतं तरी दोन मिनिटं आत डोकं घालून उभारतो, टायरला एक लाथ मारतो आणि विचारतो एसी गार करतोय का. मीपण हेच केलंय. 2019 च्या दिवाळीत, म्हणजे कोल्हापुरातला महापूर ओसरून जेमतेम अडीच महिने झालेले, मी एका यार्डातनं 2015 ची डिझेल हॅचबॅक घेतली. आत नवीन कोरे सीट कव्हर, डॅशबोर्ड पॉलिश मारून चकाचक, आणि आत अत्तराचा असला घमघमाट की बसल्यावर लग्नाच्या वरातीत आल्यासारखं वाटावं. मला वाटलं काय मेंटेन केलीय गाडी! डोकं जाग्यावर असतं तर तिथंच विचारलं असतं, चार वर्षाच्या गाडीला एवढं अत्तर कशाला लागतंय.

जानेवारीपर्यंत गाडी बरी चालली. मग एक दिवस काच आपोआप खाली जायला लागली, मग मीटरमधले दिवे मनाला येईल तसे लागायला लागले, आणि एका रात्री पन्हाळ्यावरनं उतरताना वळणावरच हेडलाइट गेले. शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनकडं गाडी नेली. त्यानं इंजिनला हात पण लावला नाही. ड्रायव्हर बाजूचा सीटबेल्ट धरला आणि ओढतच गेला ओढतच गेला, पार शेवटपर्यंत, आणि शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रंगाची आडवी रेघ, जशी पूर गेल्यावर घराच्या भिंतीवर राहते तशी. मग कार्पेट उचललं. खाली वाळलेला गाळ, बोटानं घासला की पीठ. वास घेतला आणि कळलं, पंचगंगा. मिस्त्री एवढंच म्हणला, "मालक, गाडी धुतलीया, पट्टा धुवायचा राहिला."

तेव्हापासनं पाहुण्यातलं, मित्रातलं कुणी गाडी घ्यायला निघालं की मला घेऊन जातात. आतापर्यंत दहा-बारा गाड्या बघून दिल्यात, त्यातनं जे कळलं ते इथं लिहितोय.

कोल्हापुरात गाडी घेताना किलोमीटर किती झालेत हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये गाडी कुठं लावलेली? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी, आणि त्या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटाच्या वर गेलेलं. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारवाडा, नागाळा पार्कचा काही भाग, व्हीनस कॉर्नर, नदीपलीकडं आंबेवाडी-चिखली, तिकडं शिरोळ तालुका, सगळीकडं पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात होत्या. आता त्या भागातली गाडी म्हणजे बुडालेलीच असं नाही, बऱ्याच लोकांनी आधीच उंचावर नेऊन लावलेल्या. पण प्रश्न विचारायचा आणि समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं. खरा मालक लगेच सांगतो की मेव्हण्याकडं लावलेली, अमुक ठिकाणी लावलेली. एजंट विषय बदलतो.

आणि तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, हातानं बघायचं. चारी सीटबेल्ट पूर्ण ओढा. पुढच्या सीट मागं सरकवून खालचे रेल आणि बोल्ट बघा, वरनं गाडी चकाचक आणि सीटखालचे बोल्ट तांबेरलेले असतील तर पाणी आत येऊन गेलंय. डिकीतली स्टेपनी काढा, त्या खड्ड्याच्या कोपऱ्यात गाळ बसलेला असतो, तिथं कुणी ब्रश घेऊन जात नाही. हेडलाइटच्या आतल्या बाजूला पाण्याची रेघ दिसतीय का बघा. फ्यूज बॉक्स उघडा, हिरवट-पांढरं काय चढलंय का बघा. शेवटी काचा बंद करून एसी आतल्या हवेवर टाका आणि पाच मिनिटं गप बसा. ओल्या पोत्याचा वास आला की उतरायचं आणि मालकाला चहाला पण थांबायचं नाही. इन्शुरन्सचं पण विचारून घ्या, दुरुस्तीचा खर्च विम्याच्या किमतीच्या म्हणजे आयडीव्हीच्या 75 टक्क्याच्या वर गेला की कंपनी गाडी टोटल लॉसमध्ये काढते, आणि मग तीच गाडी भंगाराच्या भावात कुणीतरी उचलून, नटवून परत बाजारात उभी करतंय. जुनी पॉलिसी मागायची, त्यावर मागच्या वर्षाचा नो क्लेम बोनस दिसतो. पाच-सहा वर्ष एकाच मालकाकडची गाडी आणि बोनस शून्य असेल तर मग क्लेम कशाचा घेतलेला ते विचारायचं.

बरं, पाण्यातनं सुटली म्हणजे गाडी चांगली असं नाही. गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि फोन करताना सांगा की मी यायच्या आधी स्टार्ट करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. गरम असेल तर थंडीत स्टार्ट व्हायला त्रास देणारी गाडी आधीच तापवून ठेवलीय असं मी समजतो, भले तो मालक काय पण सांगू दे. थंड गाडी स्टार्ट केल्यावर मागं एकाला उभं करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल खातंय. पांढरा धूर सकाळी थोडा येतो ते पाण्याची वाफ असते, पण गाडी तापल्यावर पण येतच राहिला तर कूलंट आत जातंय, हेड गॅस्केटचं काम असू शकतंय. डिझेलला काळा धूर म्हणजे कधी नुसता एअर फिल्टर चोंदलेला असतो आणि कधी इंजेक्टर, पहिलं काही शेकड्यात भागतं आणि दुसऱ्याला पगार जातो. ऑईलचं झाकण उघडून आतल्या बाजूला बघा, सायीसारखं पिवळट काय चिकटलं असेल तर ऑईलमध्ये पाणी मिसळतंय.

टेस्ट ड्राइव्ह रंकाळ्याभोवती चक्कर मारून करू नका, तिथं कुठलीपण गाडी चांगलीच चालते. वाघबीळपर्यंत जा आणि तिथनं पन्हाळ्याचा चढ चढवा, एसी लावून, तिघं-चौघं बसवून. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये एकदम पाय दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढला पण गाडी पुढं सरकेना म्हणजे क्लच प्लेट गेलीय. चढताना टेंपरेचरचा काटा निम्म्याच्या वर गेला तर परत फिरा. उतरताना ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग थरथरतंय का, गाडी एका बाजूला ओढतीय का ते बघा. आणि टेप बंद ठेवा हो, एजंट लोक मुद्दाम गाणी लावतात. खड्ड्यातनं नेल्यावर खालनं टकटक आली तर लिंक रॉड, बुश, शॉकअप असलं काहीतरी असतं, ते फार घाबरायचं काम नाही, पण पैसे कमी करून घ्यायला उपयोगाचं आहे.

बॉडीचं म्हणाल तर डेंट-स्क्रॅच असलेली गाडी मला उलट आवडते, निदान जे आहे ते दिसतंय. भीती पूर्ण रंगवलेल्या गाडीची. फ्रिजवर लावतो तसलं पातळ लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्या आणि दारं, मडगार्ड, छपरावर ठेवून बघा, जिथं लांबी म्हणजे पुट्टी भरलीय तिथं ते धरत नाही. बंपर प्लॅस्टिकचा असतो तिथं नका लावू, आमचा एक मित्र बंपरला लावून अख्खी गाडी पुट्टीची आहे म्हणून ओरडत आला होता! बॉनेट आणि दाराच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का बघा. बंपर, मडगार्ड बदललेलं चालतं. पण पिलर, चेसिस, बॉनेटखालचा एप्रन इथं वेल्डिंग मारलेलं दिसलं तर कितीपण स्वस्त असूदे, सोडून द्या. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो, 2319 असेल तर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीपण दिसूदे, पाच-सहा वर्षाच्या पुढचं रबर कडक झालेलं असतं, म्हणजे चार टायरचे पैसे बोलणीत वजा. किलोमीटरचं मीटर मागं फिरवता येतं, ब्रेक पेडलचं रबर आणि स्टेअरिंगची घासलेली कातडी मागं फिरत नाही. 35 हजार किलोमीटर सांगतोय आणि पेडल गुळगुळीत झालंय, असं कसं? गाडीचा नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारायचं, मालक बरोबर असला की सर्व्हिसची हिस्ट्री मिळते.

कागदाचं काम कंटाळवाणं आहे पण पैसे बुडतात ते इथंच. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबराशी स्वतः वाचून जुळवा. आरसीवर कर्जाचा बोजा आहे का बघा, आपल्याकडं पतसंस्थेचं कर्ज काढून गाडी घेतलेली लई असतात, कर्ज फिटतं पण बोजा उतरवायचा राहतो, मग फॉर्म 35 आणि संस्थेचा दाखला हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30 लागतो. विकणाऱ्यानं 14 दिवसात आणि घेणाऱ्यानं 30 दिवसात आरटीओला कळवायचं असतं, पण लोक सह्या केलेल्या टीटी म्हणजे ट्रान्सफरच्या फॉर्मवर गाडी वर्षभर फिरवतात. ते अजिबात करू नका, गाडी विकत असाल तर त्याहून नको, ॲक्सिडेंट झाला तर नोटीस ज्याचं नाव आरसीवर आहे त्याच्या घरी येते. ई-चलन किती थकलीत ते ऑनलाइन दिसतं, व्यवहाराच्या आधी भरून घ्या. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का बघा. इन्शुरन्स पण आपल्या नावावर करायचा, जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नसतो, तो त्याचा त्याच्याकडं राहतो.

केए 22, केए 23 म्हणजे बेळगाव-चिक्कोडीकडच्या आणि गोव्याच्या गाड्या इथं स्वस्त दिसतात, मोह पडतो. पण त्या राज्याची एनओसी, इकडं नवीन नोंदणी आणि महाराष्ट्राचा टॅक्स परत भरायचा, हे सगळं धरलं की स्वस्ताई बरीचशी संपते. दिल्ली पासिंग डिझेलचं पण तसंच, तिकडं जुन्या गाड्यांवर निर्बंध आले म्हणून त्या खाली येतात.

भाव करायचा तर पितृपक्षात करा. त्या पंधरा दिवसात यार्डात माशा मारत बसलेले असतात. दसरा-पाडव्याला आणि उसाची बिलं जमा झाल्यावर गेलात तर तोच माणूस फोन उचलत नाही. आणि बजेट साडेतीन लाख असेल तर गाडी तीन लाखाचीच बघायची. राहिलेले पन्नास हजार गाडीचेच आहेत, ते पहिल्या महिन्यात लागतात.

कारण गाडी घरी आली की जुन्या मालकानं काय केलं ते विसरायचं आणि सगळं शून्यापासनं. इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑईल, सगळं एकदम बदला आणि तारीख-किलोमीटर एका वहीत लिहून वही गाडीतच ठेवा. पुढं ऑईल दहा हजार किलोमीटरला नाहीतर वर्षाला, जे आधी येईल ते, गाडी नुसती मंडईपुरती फिरत असली तरी. ब्रेक ऑईल दोन वर्षानं. हे लोक करतच नाहीत, आणि ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं, मग आंबा घाट नाहीतर करूळ उतरताना सारखा ब्रेक दाबला की ते उकळतं आणि पेडल मऊ पडतं. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं हे आमच्या काकांनी एसटीच्या ड्रायव्हरकडनं शिकलेलं, तेच खरं. कूलंटच्या जागी नळाचं पाणी घालू नका. टायरची हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच. बॅटरी तीन-चार वर्षानं थकते, सकाळी स्टार्टर रडायला लागला की घाटात बंद पडायची वाट न बघता बदला. टायमिंग बेल्टची गाडी असेल तर कंपनीनं पुस्तकात दिलेल्या किलोमीटरच्या आत बेल्ट बदला, तुटला तर बऱ्याच इंजिनात वॉल्व वाकतात. 2020 नंतरची बीएस 6 डिझेल घेतली असेल तर आठवड्यातनं एकदा हायवेला अर्धा-पाऊण तास सलग चालवा, कागल-निपाणी करून या, नुसत्या गावात फिरवली तर डीपीएफ म्हणजे धुराची काजळी गाळणारा फिल्टर चोंदतो. आणि गाडी शेताजवळ, गोठ्याजवळ लावत असाल तर बॉनेट आठवड्याला उघडायचं. ऊस तुटला की उंदरं गाडीत येतात आणि वायरिंग कुरतडतात.

जुलैत राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 च्या जवळ आली आणि तुमचं घर सखल भागात असेल तर त्याच संध्याकाळी गाडी उंचावर नेऊन लावा, रात्री बघू म्हणू नका. तरी पाणी शिरलंच तर ओसरल्यावर चावी फिरवायची नाही. एकदा पण नाही, बघूया होतीय का म्हणून पण नाही, सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि तुम्हीच इंजिन सुरू करायला बघितलं म्हणून क्लेमला पण अडचण येते. आहे त्या जागेवर, पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, इन्शुरन्सला फोन करा आणि गाडी टो करून गॅरेजला पाठवा.