रिडंडन्सीची तारीख पुढे ढकलली तर
ब्रिटनमध्ये कंपनीने रिडंडन्सी (जागाच रद्द झाल्यामुळे नोकरीवरून कमी करणं) लांबवली, तर आधी हातातला कागद नीट वाचा. ‘तुमची जागा धोक्यात आहे’ एवढंच लिहिलं असेल तर ती नोटीस नव्हे. कंटाळून राजीनामा दिलात की भरपाईवर पाणी सोडावं लागेल. शेवटच्या दिवसाची तारीख घातलेली रीतसर नोटीस मिळाली असेल, तर ती तारीख तुमच्या संमतीशिवाय बदलता येत नाही. संमती द्यायची तर नवी तारीख ईमेलवर घ्या. जिन्यात साहेब ‘बघू, अजून महिनाभर’ म्हणाले, त्यावर विसंबू नका. मुदतवाढ कधी फायद्याचीही ठरते: कायदेशीर भरपाईला सलग 2 वर्षांची नोकरी लागते. दुसरीकडे नोकरी ठरली असेल, तर लवकर सुटण्याचंही लेखीच ठरवा.